अक्कांच्या माहेरची मळी

माझ्या डोक्यावरचं वनाच्छादन घटत चाललंय, हे मला सगळ्यात आधी अक्कांनी सांगितलं. मी जेवायला बसलो होतो आणि त्या वाढत होत्या. आमटीची पळी हवेतच थांबवून त्यांनी माझ्या टाळूकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पावणं, मधी उघडी जमीन दिसाय लागलीया. कडंनं अजून दाट हाय, पर त्याच्यावर जाऊ नका. आधी मधलंच जातंय."

बायकोनं ताटात बघत हसू दाबलं. घरी आल्यावर मी आरशासमोर उभा राहून बराच वेळ मान वाकडी केली, पण मला काही दिसलं नाही. आरसा समोरून दाखवतो. अक्का सगळं वरून बघायच्या.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची, शोभाची, थोरली बहीण. कोल्हापुरात कॉलेजात भूगोल शिकवायच्या. वर्गात भाषा पुस्तकातली, आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की नदीकाठच्या गावची. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी येतो, मी जातो'. अंगावर पाचवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री. छत्री पावसासाठी मी कधीच उघडलेली पाहिली नाही. ती काटेरी झुडूप बाजूला सारायला, चिखलाची खोली बघायला आणि कुत्र्यांना वेळीच सावध करायला असायची. लग्न त्यांनी केलं नाही. एका चुलत आत्यानं भर कार्यक्रमात कारण विचारलं, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "नकाशाचं काम काढलंतं आत्या. मधी येळच गावला न्हाय." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना नवं वेड लागलं. उपग्रह आकाशातून फोटो काढत फिरतात, ते फोटो फुकट मिळतात, आणि कित्येक वर्षांपूर्वीचे जुनेही मिळतात, हे कळल्यावर त्यांनी पंचगंगेचा काठ धरला. काठावर कुठं झाडं होती, कुठं ऊस आला, कुठं वीटभट्टी बसली, कुठं घरं सरकत सरकत पाण्याजवळ गेली, हे जुन्या फोटोशेजारी नवा फोटो ठेवून बघत बसायच्या. त्यांच्या वयाच्या बायका संध्याकाळी मालिका बघत. अक्काही मालिकाच बघत होत्या, फक्त तिचा भाग वर्षातून एकदा यायचा.

उपग्रह कोल्हापूरवरून कधी जाणार हे त्यांना ठाऊक असायचं. त्या दिवशी सकाळी त्या गच्ची झाडून घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्हीच म्हणता की फोटोतला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. मग त्याला तुमची गच्ची कुठली दिसतेय?"

"न्हाय दिसत," त्या केरसुणी न थांबवता म्हणाल्या. "पर फोटो काढाय कोण येणार असलं की घर आवरतंयच की माणूस."

या कामात संगणकाला आधी नमुने दाखवावे लागतात. फोटोतल्या ठरावीक जागांना गोल करून सांगायचं, हे पाणी, हे झाड, हा ऊस, हे घर. मग उरलेला सगळा काठ तो स्वतः ओळखून रंगवतो. अक्का म्हणायच्या की हे पहिलीच्या वर्गासारखं असतंय. तुम्ही गाढव दाखवून गाय म्हणून शिकवलंसा, तर ते पोर गावभर गाढवाला गाय म्हणत फिरणार, आणि त्यात पोराचा दोष न्हाय. म्हणून फोटोत काही संशयास्पद दिसलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "चला, बघून येऊ."

'चला' म्हणजे मी आणि माझी स्कूटर. एकदा नदीकाठच्या एका शेताजवळ संगणकानं मोठं तळं दाखवलं. तळं म्हटल्यावर मी टॉवेल घेतला. जाऊन बघतो तर वीटभट्टीची काळीभोर राख पसरलेली. वरून ती पाण्यासारखीच दिसते म्हणे. भट्टीवरचा माणूस माझ्या खांद्यावरच्या टॉवेलाकडं बघून म्हणाला, "काय पावणं, आंघुळीला आलाय व्हय?" अक्कांनी राखेत छत्री खुपसून पाहिली, खूश झाल्या आणि मला म्हणाल्या, "बघा, आलो म्हणून कळलं." मला जे कळलं ते मी सांगितलं नाही.

पन्हाळ्याला सगळं घर सहलीला गेलं, तेव्हाही तेच. आम्ही झुणका-भाकरीवर तुटून पडलो होतो आणि अक्का तटावर उभ्या राहून धुकं हटायची वाट बघत होत्या. भाकरी गार होईपर्यंत आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उजळलेला. "नदीकडंची शेतं आज डोळ्यानं वरनं बघितली," म्हणाल्या आणि ती गार भाकरी मोठ्या समाधानानं खाल्ली.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गल्लीतल्या प्रत्येक भावी नगरसेवकाचा वाढदिवस माझ्या मशिनमधून बाहेर पडतो. फोनवर बोलणारा माणूस नाही असा फ्लेक्स माझ्याकडं क्वचितच छापला जातो. त्या मशिनवर अक्कांनी एके दिवशी नदीचा नकाशा छापायला दिला. बाहेर आलेला फ्लेक्स बघून मी घाबरलो. "अक्का, शाई गंडली. सगळं लाल आलंय."

"गंडली न्हाय. लाल म्हंजे हिरवं."

मी खुर्ची पुढं केली, कारण उन्हाचा त्रास असावा असं मला वाटलं. मग त्यांनी समजावून दिलं. हिरवी पानं आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड परत फेकत असतात. तो उजेड उपग्रहाला दिसतो, आणि आपल्याला दाखवायचा म्हणून त्याला लाल रंग देतात. जितकं लाल, तितकं जोमदार हिरवं. या फ्लेक्सवर एक ठिकाण विशेष लाल होतं, अक्कांचं माहेर. म्हणजे माझी सासुरवाडी. हातकणंगल्याच्या पुढं नदीकाठाला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक फार लवकर फोन करतात.

"सगळीकडं काठावरची झाडं कमी झाल्यात," अक्का फ्लेक्सवर हात फिरवत म्हणाल्या, "फकस्त आमच्या गावात वाढल्यात." हे सांगताना त्या भूगोलाच्या बाई राहिल्या नव्हत्या. माहेरच्या कौतुकानं भरून आलेली कुठलीही बाई दिसते तशा दिसत होत्या.

आता धनाजीबद्दल सांगायला हवं. धनाजी हा या दोघींचा धाकटा भाऊ. गावचं घर, म्हशी आणि शेती तोच बघतो. नदीच्या वळणावर त्यांची मळी आहे. मळी म्हणजे पुराच्या गाळानं झालेली काठाची जमीन. त्या मळीच्या टोकाला करंज, उंबर, वाळुंज आणि कळकाची म्हणजे बांबूची बेटं अशी दाट झाडी आहे. धनाजीला ती झाडी तोडून, मळीत मुरमाची भर टाकून, तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. नदी दिसेल असं. स्टेजच्या मागं पाणी, नवरा-नवरीचे फोटो, दोनशे गाड्यांची सोय. चार वर्षं तो हेच स्वप्न बघत होता. त्या स्वप्नाचा फ्लेक्ससुद्धा मीच छापून दिला होता, तेव्हा माझा निःपक्षपातीपणा लक्षात यावा.

जमीन तिघा भावंडांच्या नावावर होती. शोभानं सांगून टाकलं होतं की अक्का करेल ते मी करेन. म्हणजे अडलं होतं अक्कांच्या सहीवर. सही केली तर झाडी जाणार. नाही केली तर भाऊ जाणार. आणि अक्कांना भावाच्या घराशिवाय दुसरं घर नव्हतं. कोल्हापुरातली त्यांची खोली ही त्यांच्या मते फक्त संगणक ठेवायची जागा होती.

गावच्या म्हाईला आम्ही सगळे गेलो. म्हाई म्हणजे गावाचं वर्षातलं मोठं जेवण. त्या दिवशी घराघरात पाहुणे आणि चुलीवर मटण. दुपारी पंगती उठल्यावर अक्कांनी घराच्या पुढच्या सोप्याच्या भिंतीला तो फ्लेक्स लावला. चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "आग लागलीया काय गावाला?" अक्कांनी लाल-हिरव्याचं सांगितलं, मग अभिमानानं गावाचा काठ दाखवला. "बघा. आपल्या गावानं झाडं राखल्यात. उलट वाढीवल्यात."

धनाजी दाराला टेकून ऐकत होता. तो सावकाश म्हणाला, "म्हंजे झाडं वाढल्यात म्हणतीस."

"व्हय की."

"मग माझी चार गेली तर काय बिघडलं? गावाची हायत की लाल लाल."

माणसं हसली. अक्कांचं बोट फ्लेक्सवरच राहिलं. भर वर्गात एका पोरानं बाईंनाच बाईंचं वाक्य ऐकवावं तसं झालं होतं. मी विषय बदलायला पान-सुपारीचं विचारलं, पण माझ्या विषय बदलण्याला आमच्या घरात कधीच कुणी किंमत दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "पावणं, चला, बघून येऊ." आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. गावाच्या खालच्या अंगाला वाळुंजांची लांब रांग होती. लहानपणी त्या सावलीत त्यांनी म्हशी राखल्या होत्या. संगणकाला झाडांचा नमुना म्हणून त्यांनी तीच रांग गोल करून दिली होती. बाकी सगळीकडं त्या स्वतः जाऊन बघून आल्या होत्या. इथं आल्या नव्हत्या. माहेरचा काठ काय बघायचा, तो पाठच होता.

आम्ही पोचलो तिथं ऊस होता. डोक्याच्या वर गेलेला, गच्च आणि हिरवागार ऊस थेट पाण्याच्या कडेपर्यंत उभा. वाळुंजाचं एक झाड नव्हतं.

शेजारच्या बांधावर दस्तगीरचाचा वैरण कापत होते. त्यांची जमीन धनाजीच्या मळीला लागून आहे. अक्कांनी विचारलं, "चाचा, हितली वाळुंज कुठं गेली?"

"ती व्हय? ती कवाच गेली की, अक्का. तुमी कालिजात लागलासा त्याच्या मागनं." चाचा विळा पुसत म्हणाले. "झाडं गेली तवापसनं काठ बी खचतोय. माझी मोटरीची खोली बघा." त्यांनी विळ्यानं पाण्याकडं दाखवलं. काठापासून चांगलं आत, पाण्यातून भिंतीचा एक कोपरा वर आला होता आणि त्यावर बगळा बसला होता.

अक्का त्या उसासमोर उभ्या राहिल्या. छत्रीच्या टोकानं एक पान बाजूला केलं, आत बघितलं आणि सोडून दिलं. मग म्हणाल्या, "मी उसाला झाड म्हणून शिकीवलो. त्यानं गावच्या काठाचा सगळा ऊस झाड म्हणून रंगवला." थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे, म्हणाल्या, "माझं गाव तेवढं बघितलं न्हाय."

परत येताना स्कूटर चिखलात रुतली. मी ती ढकलत होतो आणि अक्का मागून छत्रीनं चिखल मोजत होत्या. इतकं खोल असेल असं वाटलं नव्हतं, एवढंच बोलल्या. चिखलाबद्दल बोलल्या असं मी धरून चाललो.

उसाची तोड संपेपर्यंत त्या थांबल्या. उन्हाळ्यात ऊस जातो, शेतं उघडी पडतात आणि जे तरीही लाल राहतं ते खरं झाड, असा त्यांचा नवा हिशेब होता. काठाचा तुकडा न् तुकडा त्या पायी चालून आल्या. त्यातल्या निम्म्याला माझी स्कूटर होती, म्हणजे खरं तर मी पायी आणि स्कूटर माझ्या हातात. नवा फ्लेक्स निघाला तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. सगळा काठ फिका होता. फक्त धनाजीच्या मळीच्या टोकाला लाल डाग होता. दोन गावांच्या मधे तेवढाच.

शोभा म्हणाली, "अक्का, धनाजीला फोनवर सांग. सगळ्यांपुढं कशाला आपली चूक?"

"चूक सगळ्यांपुढं केलो," अक्का म्हणाल्या, "आता बरोबर काय कोपऱ्यात सांगू?"

आम्ही गावी गेलो तेव्हा पहिला नकाशा गोठ्यावर चढला होता. पत्रा गळतो म्हणून धनाजीनं तो वर पांघरला होता. खाली म्हशी रवंथ करत होत्या. उपग्रहाला आता आपलाच फोटो वरून दिसत असणार, असं मी म्हणालो.  त्या दिवशी कुणाचंच हसण्याकडं लक्ष नव्हतं.

सोप्यात म्हाईची तीच माणसं जमवली होती. दस्तगीरचाचाही आले होते. अक्कांनी सरळ सांगितलं की मागच्या खेपेला सांगितलं ते चुकलं, ती झाडं नव्हती, ऊस होता. धनाजी म्हणाला, "आज हे चुकलं म्हणतीस. उद्या त्ये बी चुकलं म्हणशील. तुझ्या फोटूचा भरवसा काय?"

"नको धरूस भरवसा. तूच काढ."

त्यांनी जमिनीवर दोन फोटो अंथरले. एक आम्ही शाळेत होतो तेव्हाचा, फाटक्या गोधडीसारखा ठिपक्याठिपक्यांचा, आणि एक या उन्हाळ्यातला. धनाजीच्या हातात जाड पेन दिला. "जुन्यावर काठ कुठनं जातोय त्ये वढ. मग नव्यावर वढ."

धनाजीनं आधी नको म्हटलं. मग गुडघ्यावर बसला. नकाशा वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठली पट्टी कुणाची हे त्याला शेंबडा असल्यापासून माहीत होतं. रेघ ओढता ओढता तो बोलत होता, "हे आण्णाप्पाचं. हे खालच्या आळीचं. हे चाचाचं." नव्या फोटोवर रेघ आत सरकत होती. आण्णाप्पाची पट्टी अर्धी झाली होती. चाचांच्या मोटरीची खोली जिथं होती, तिथं त्याच्या पेनाखाली पाणी आलं. चाचा वाकून बघत होते. "व्हय, हितंच," ते म्हणाले.

मग पेन मळीच्या वळणावर आला. धनाजीनं जुनी रेघ पाहिली, नवी ओढली. पुन्हा जुनी पाहिली. दोन्ही जिथल्या तिथं होत्या. एवढ्या पुरांत तेवढं वळण हललं नव्हतं.

 अक्कांनी पिशवीतून सहीचा कागद काढला. माझ्या मते त्या तो फाडणार होत्या. त्यांनी तो मांडीवर ठेवून सही केली आणि धनाजीपुढं सरकवला.

"घे. जमीन तू कसतोस. मी कोल्हापुरात बसून तुला न्हाय म्हणणार न्हाय. पर काय तोडतोयस त्ये बघून तोड."

धनाजी कागदाला हात न लावता उठला. "धारा काढायच्या हायत," म्हणाला आणि गोठ्यात गेला. धारा काढायला अजून बराच वेळ होता.

पावसाळाभर त्याचा फोन आला नाही. अक्का विचारायच्या नाहीत. उपग्रहाच्या दिवशी गच्ची झाडायच्या, पण ढगांमुळं पावसाळ्यात फोटोत काही दिसत नाही. झाडी आहे की गेली, हे बघायला त्या गावीही गेल्या नाहीत. एकदाच मला म्हणाल्या, "पावणं, ह्या खेपेला 'चला' म्हणवंना झालंय." मी स्कूटर सर्व्हिसिंगला दिलीय असं सांगितलं. त्या समजल्या आणि चहा टाकायला उठल्या.

भाऊबीजेला अक्कांनी सकाळपासून पाट मांडून ठेवला. दुपार झाली. शोभा दोनदा जिन्यात जाऊन आली. मग खाली मोटारसायकल वाजली आणि धनाजी दुधाची किटली घेऊन वर आला. ओवाळून झालं. लाडू खाता खाता तो, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "कार्यालयाचं काम काढलंय."

अक्का करंजीचं ताट पुढं करत होत्या. हात तिथंच थांबला. शेवटी शोभानंच विचारलं, "कुठं?"

"माळावर. रस्त्याकडंला."

"आणि नदी दिसणार म्हणत होतास ती?" हे मी विचारलं. असले प्रश्न विचारायचं काम घरात माझ्याकडंच आहे.

"नदी बघाया कोण येतंय लग्नाला, दाजी? जेवाण बघाया येत्यात."

 अक्कांनी त्याच्या ताटात एक करंजी वाढली, मग आणखी एक. तो "बास की" म्हणाला तरी तिसरी वाढली.

त्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. आजाराचं सगळं इथं काढत नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. मला त्या आठवतात त्या जाण्याआधीच्या पावसाळ्याच्या तोंडावर.

दस्तगीरचाचांनी धनाजीकडं कळकाचं बेट मागितलं होतं, त्यांच्या खचलेल्या काठावर लावायला. धनाजीनं मळीतली चांगली जाडजूड मुळं खणून दिली आणि लावायला स्वतः आला. आण्णाप्पाही नुसतं बघायला म्हणून आला आणि जाताना करंजाची रोपं मागून गेला. अक्कांना डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती. तरी त्या बूट घालून तयार होत्या.

कळक लावून झाल्यावर मी विचारलं, "अक्का, हे फोटोत कधी दिसेल?"

"येवढ्यात कशाला दिसतंय? दाट झालं, चार-सा जणांनी लावलं, तर पाच-सा वर्षांनी एक ठिपका पडंल." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी बघा. लाल दिसलं तर शाई गंडली म्हणू नका."

पुढं कुठं लावायचं यावरून त्यांची आणि धनाजीची जुंपली. धनाजी म्हणत होता वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब. अक्का म्हणत होत्या काठाला, अगदी काठाला. दोघं बोलत बोलत मळीकडं निघाली. तो पुढं काठीनं गवत झोडपत होता, साप असेल म्हणून. त्या मागून साडी वर खोचून, दोन पावलं टाकायच्या, दम घ्यायच्या, आणि थांबल्या की तोही काही न बोलता थांबायचा. मी चाचांबरोबर बांधावर बसून होतो. बघता बघता दोघं करंजांच्या मागं गेली. आधी त्याची टोपी दिसेनाशी झाली, मग अक्कांचे पांढरे बूट. त्या दाट झाडीतून दोघांचं भांडण तेवढं कितीतरी वेळ ऐकू येत होतं.